निराधारांच्या महिन्याला पहिली तारीख नाही

महिन्याची पहिली तारीख हा नोकरदाराच्या घरातील एक लहानसा सणच असतो. दुधाचा हिशेब, किराणा दुकानदाराची वही, मुलांची फी, पतपेढीचा हप्ता, गावी आईवडिलांस पाठवावयाची रक्कम या साऱ्यांची गाठ त्या एका तारखेशी बांधलेली असते. पगार आठ दिवस लांबला तर शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीतील चहाच्या टेबलावर दुसरा विषय नसतो. संघटना निवेदन देते, शिष्टमंडळ साहेबांना भेटते, वर्तमानपत्रांत पत्रे प्रसिद्ध होतात. हे सारे रास्तच आहे. ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी पदरात पडावी, एवढी अपेक्षा बाळगण्याचा कष्टकऱ्यास पूर्ण अधिकार आहे.

परंतु याच महाराष्ट्रात असाही एक मोठा वर्ग आहे की, ज्याच्या महिन्याला पहिली तारीखच नाही. अपंग, विधवा, परित्यक्ता, दुर्धर रोगाने खंगलेले रुग्ण आणि आईबापांपैकी एक किंवा दोघेही गमावलेली मुले यांना सरकार दरमहा काही रक्कम देते. ती 'दरमहा' असल्याचे शासननिर्णयात लिहिलेले असते. प्रत्यक्षात ती दोन महिन्यांनी येईल, चार महिन्यांनी येईल की त्याहूनही उशिरा, हे कोणी सांगू शकत नाही. गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एखादी सकाळ काढावी. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आलेली म्हातारी, काठीच्या आधाराने उभा असलेला तरुण आणि त्याच्यासोबत मजुरी बुडवून आलेला भाऊ तेथे दिसतील. त्यांचा प्रश्न एकच असतो: पैसे आले का? आणि बहुधा उत्तरही एकच असते: अजून वरूनच आले नाहीत.

हे 'वर' म्हणजे नेमके कोठे, आणि तेथून पैसे खाली यावयास एवढा वेळ का लागतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

योजना जुन्या, रकमा तोकड्या

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, सुरू झाली. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम त्यानंतर पंधरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी अस्तित्वात आला. ज्याला काम करणे शक्य आहे त्याच्यासाठी रोजगार हमी आणि ज्याला ते शक्य नाही त्याच्यासाठी निराधार अनुदान, अशी दुहेरी जबाबदारी या राज्याने फार पूर्वी पत्करली, हे त्याला भूषणावह आहे. म्हणूनच तिच्या अंमलबजावणीकडे अधिक कठोर दृष्टीने पाहिले पाहिजे.

ऑगस्ट २०१९ मध्ये या योजनेची रक्कम ६०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आली. जुलै २०२३ पासून ती १,५०० रुपये झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने अपंग लाभार्थ्यांसाठी आणखी एक हजाराची वाढ मंजूर केली आणि ऑक्टोबरपासून त्यांचे अनुदान २,५०० रुपये ठरले. ही वाढ सहजासहजी झाली नाही. बच्चू कडू यांनी जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरी येथे केलेल्या अन्नत्यागाच्या मागण्यांत अपंगांच्या मानधनाचा प्रश्न ठळकपणे होता.

केंद्राची कथा याहून खेदजनक आहे. अपंगांसाठीची इंदिरा गांधी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखाली असलेल्या आणि ८० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसच तिचा लाभ मिळतो. केंद्राचा वाटा २०१२ साली ३०० रुपये ठरला आणि तेथेच थांबला. त्यानंतर किरकोळ किमतींचा निर्देशांक जवळजवळ दुप्पट झाला. केंद्राचे तीनशे रुपये मात्र तीनशेच राहिले.

मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. ज्या मुलांचे आईवडील हयात नाहीत, किंवा आजारपण, तुरुंगवास, विभक्तपणा अशा कारणांनी त्यांना सांभाळू शकत नाहीत, त्यांना संस्थेत न ठेवता नातेवाईकांच्या वा एकट्या पालकाच्या घरीच वाढू द्यावे आणि त्यासाठी घराला मदत करावी, असा तिचा हेतू आहे. ४२५ रुपयांवरून १,१०० आणि एप्रिल २०२३ पासून २,२५० रुपये दरमहा अशी तिची वाटचाल झाली व तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. कल्पना उत्तम आहे. अनाथालयातील खाटेपेक्षा आजीच्या घरातील सतरंजी मुलाला अधिक ऊब देते, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावयास नको. पण हे पैसेही बहुधा साचून, वर्षातून एकदोनदा येतात असा पालकांचा अनुभव आहे.

उशिराची किंमत कोण देतो?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार आहे. तलाव, धान, भातगिरण्या आणि तेंदूपाने यांवर येथील जीवन चालते. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण उत्तरेस, तर अर्जुनी मोरगाव दक्षिण टोकास आहे; देवरी आणि सालेकसा हे तालुके छत्तीसगडच्या सीमेवरील जंगलात पसरलेले आहेत. चिचगडच्या पलीकडील एखाद्या पाड्यावरून अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गोंदियाला आणि अनुदानाच्या चौकशीसाठी देवरीला जाणे म्हणजे एकेक दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचे बसभाडे. जो स्वतः चालू शकत नाही त्याच्याबरोबर दुसरे कोणी यावेच लागते, हे आपल्या नियमांना ठाऊक नसते.

येथील गरिबाचे वर्ष ठरलेले आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले, मग तेंदूपाने, आषाढात रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी. रोवणी संपल्यापासून कापणीपर्यंतचे दिवस टंचाईचे असतात. धडधाकट माणूस रोवणीच्या मजुरीवर ते कसेबसे ढकलतो. अंथरुणाला खिळलेल्या मुलाची आई बांधावर जाऊ शकत नाही. सिकलसेलसारख्या रक्तदोषाने, जो पूर्व विदर्भात आदिवासी आणि दलित समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो, ग्रासलेला तरुण चिखलात दिवसभर ओणवा राहू शकत नाही. त्याच्या घरी या दिवसांत अनुदान आले नाही, तर उरते ती दुकानदाराची उधारी, नाही तर व्याजाचे पैसे.

हा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, एका विधवेचे १,५०० रुपयांचे अनुदान चार महिने थकले आणि तिने दरमहा तेवढीच रक्कम महिन्याच्या आरंभी शेकडा तीन रुपये मासिक व्याजाने उचलली. चौथ्या महिन्याच्या अखेरीस सरकारने ६,००० रुपये एकरकमी दिले. सरकारदप्तरी हिशेब चुकता झाला. विधवेच्या दप्तरी मात्र ४५० रुपये व्याज चढले, म्हणजे एका महिन्याच्या अनुदानातील शंभरापैकी तीस रुपये. उशीर सरकारने केला. त्याचे व्याज तिने भरले. मायबाप सरकारने आपल्या सर्वांत गरीब प्रजाजनाकडून बिनव्याजी कर्ज घ्यावे आणि त्याला मात्र सव्याज कर्ज काढावयास लावावे, असा हा उलटा व्यवहार आहे.

आणि हे झाले पैशापुरते. चुकलेली औषधाची गोळी चार महिन्यांनी एकदम घेता येत नाही. चार महिन्यांचे जेवण एका दिवशी जेवता येत नाही. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा हवी असलेली वही, दप्तर आणि चप्पल दिवाळीनंतरच्या मंडईत घेऊन दिली, तर मधल्या काळात वर्गाबाहेर राहिलेले दिवस मुलाला परत मिळत नाहीत. थकबाकी पुढे पूर्ण मिळाली, तरी ज्या कामासाठी ती रक्कम होती ते काम टळूनच गेलेले असते. आमच्या मते, निराधाराच्या अनुदानात रक्कम आणि तारीख यांना सारखेच महत्त्व आहे. तारीख वगळून नुसती रक्कम दिली, तर निम्मी मदत नाकारल्यासारखेच होते.

दिरंगाई कोठे जन्मते?

विलंबाचे खापर फोडण्यास सर्वांत सोयीचे डोके तहसील कचेरीतील संजय गांधी शाखेच्या लिपिकाचे असते. त्याला समोर उभ्या असलेल्या माणसाचा रोष सहन करावा लागतो. पण ज्याच्या हाती तिजोरी नाही त्याला तिच्या कुलपाबद्दल जाब विचारणे न्यायाचे नव्हे. दिरंगाईची मुळे अधिक खोल आहेत आणि ती निदान चार ठिकाणी सापडतात.

पहिले ठिकाण मंजुरीचे. अर्ज तालुका समितीपुढे जातो. तिचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमलेला अशासकीय सदस्य असतो. सरकार बदलले की जुन्या समित्या जातात आणि नव्या नेमणुकांना वेळ लागतो. बैठक लांबली की अर्ज लांबतो. बालसंगोपनात गृहचौकशी, बाल कल्याण समितीचा आदेश आणि त्याचे नूतनीकरण अशा पायऱ्या आहेत. मुलाच्या हितासाठी त्या आवश्यक आहेत. परंतु प्रत्येक पायरीवर कागद किती दिवस थांबू शकतो, याची मर्यादा पालकाला कोणी सांगत नाही.

दुसरे ठिकाण निधीचे. हे अनुदान सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली येते. शिवाय केंद्राचा दोनतीनशेचा वाटा आणि राज्याची पूरक रक्कम यांचे मार्गही निराळे. त्यामुळे एकाच गावातील एकीला पैसे मिळतात आणि शेजारणीला मिळत नाहीत. लेखाशीर्ष म्हणजे काय हे ठाऊक नसल्याने तिला वाटते, आपल्याच नावावर कोणीतरी काट मारली. मार्चअखेर जुन्या वर्षाचा निधी संपावा आणि नव्या वर्षाचा निधी वितरित होईपर्यंत वाटप खोळंबावे, हा प्रकार कचेऱ्यांत काम करणाऱ्यांच्या इतक्या अंगवळणी पडला आहे की, त्यात काही वावगे आहे असेही कोणाला वाटेनासे झाले आहे. गरिबाच्या पोटाला मात्र आर्थिक वर्ष नसते.

तिसरे ठिकाण नव्या यंत्रणेचे. डिसेंबर २०२४ पासून हे अनुदान थेट लाभ हस्तांतरणाच्या पोर्टलवरून आधारशी जोडलेल्या खात्यात जाऊ लागले. या बदलाचे आम्ही स्वागत करतो. पूर्वी निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून तहसीलदाराकडे, मग कोषागारात आणि शेवटी याद्यांसह बँकेत जाई. त्यांतील बरेच टप्पे कमी झाले आणि मधल्या मध्ये हात मारण्याची संधीही आटली. परंतु ज्यांचे आधार पडताळले गेले नाही त्यांचे पैसे थांबले. आधारवरील नाव आणि यादीतील नाव यांत एका अक्षराचा फरक, कष्टाने वा कुष्ठरोगाने पुसट झालेले बोटांचे ठसे, बंद पडलेला मोबाईल क्रमांक, एवढ्यावरून माणूस यादीबाहेर जातो. दुसरी अडचण फारशी कोणाला समजावून सांगितली जात नाही. या पद्धतीत पैसे पासबुकावरील खातेक्रमांक पाहून जात नाहीत. आधार ज्या बँकेशी शेवटी जोडले गेले तेथे ते जातात. एखाद्या शिबिरात उघडलेले आणि विसरून गेलेले खाते असेल, तर पैसे तिकडे पडून राहतात आणि लाभार्थी आपले जुने पासबुक घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवीत बसतो.

चौथे ठिकाण पुराव्याचे. लाभार्थ्याने दरवर्षी हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. मृताच्या नावे पैसे जाऊ नयेत म्हणून ही दक्षता घेतली जाते आणि तिची गरज नाकारता येत नाही. पण दाखला एक महिना चुकला तर निराधाराचे पैसे तत्काळ थांबतात, आणि सरकारचे पैसे चार महिने चुकले तर मात्र कोणाचेच काही थांबत नाही. आपण जिवंत आहोत हे गरिबाने दरवर्षी सिद्ध करावयाचे. आपल्या शब्दाला आपण जागतो हे सरकारने कधी सिद्ध करावयाचे?

तारीख पाळता येते

तिजोरीवर भार आहे, लाभार्थी लाखोंनी आहेत, एवढ्यांना ठरल्या दिवशी पैसे देणे सोपे नाही, असे उत्तर दिले जाते. या उत्तरातील शेवटचा भाग सरकारने स्वतःच खोटा ठरविला आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासननिर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. जुलैत अर्ज भरले गेले आणि ऑगस्टच्या मध्यास, रक्षाबंधनापूर्वी, दोन महिन्यांचे तीन हजार रुपये फार मोठ्या संख्येने स्त्रियांच्या खात्यांत जमा झाले. त्या योजनेच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे घालण्याचे कारण नाही, आणि तिचे हप्तेही पुढे दर वेळी वक्तशीर आले असे नाही. एवढे मात्र तिने निर्विवाद दाखवून दिले की, मनावर घेतले तर हेच सरकार, याच कर्मचाऱ्यांकरवी, दीडदोन महिन्यांत अर्ज, छाननी आणि वाटप करू शकते. निराधारांच्या वाट्याला येणारा विलंब हा यंत्रणेच्या असमर्थतेतून आलेला नाही; रांगेत त्यांना कोणत्या जागी उभे केले आहे, त्यातून तो आला आहे.

या दोन योजनांतील आणखी एक तफावत विचार करण्याजोगी आहे. लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. निराधार अनुदानासाठी ती २१ हजार रुपये आहे. अपंगांसाठी तेवढी ५० हजार. एकवीस हजार म्हणजे साऱ्या कुटुंबाचे दिवसाचे अठ्ठावन्न रुपयेही नव्हेत. एकच राज्य एकाच वेळी गरिबीच्या दोन व्याख्या कसे करते? कडक व्याख्येतून गाळून निघालेल्या, म्हणजे सर्वांत गरीब ठरलेल्या माणसाला तरी पैसे आधी मिळावेत, अशी अपेक्षा कोणीही करील. परंतु मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा सुमारे ४१० कोटी रुपयांचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळविण्यात आला, तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. हा पैसा त्याच समाजघटकांतील स्त्रियांवर खर्च होणार, असा सरकारचा युक्तिवाद होता. तो मान्य केला तरी, ओढाताण झाली की कोणाच्या खात्यातील पैसा प्रथम हलतो, हे त्यातून दिसावयाचे ते दिसलेच.

कृपा की हक्क?

साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. पगार हा हक्क आहे असे आपण मानतो, म्हणून त्याला तारीख असते. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने कामगाराचा पगार पुढील महिन्याच्या सातव्या वा दहाव्या तारखेपर्यंत देण्याचे बंधन मालकावर घातले होते. सरकारी कर्मचाऱ्याचे उपदान अकारण लांबले तर त्यावर व्याज देण्याची तरतूद राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत आहे. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरील बक्षिसी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८२ मधील नकारा खटल्याच्या निकालात स्पष्ट केले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानेही मजुरी पंधरा दिवसांत देण्याचे बंधन घातले आणि त्याहून उशीर झाल्यास दररोज शेकडा ०.०५ या दराने भरपाई ठरविली. ती प्रत्यक्षात किती जणांना मिळाली हा भाग वेगळा. तत्त्व मात्र कायद्यात आले.

निराधार अनुदानाकडे अद्याप कृपा म्हणूनच पाहिले जाते. हा केवळ महाराष्ट्राचा दोष नाही. सामाजिक निवृत्तिवेतनाबाबत ज्याचा आदर्श सांगितला जातो त्या केरळातही नोव्हेंबर २०२३ मध्ये इडुक्की जिल्ह्यातील अडिमाली येथे दोन वृद्ध स्त्रिया थकलेल्या पेन्शनसाठी हातात भिक्षापात्र घेऊन रस्त्यावर उतरल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि हे निवृत्तिवेतन म्हणजे कायद्याने दिलेला हक्क नव्हे, असा पवित्रा तेथील सरकारने घेतला. पक्ष कोणताही असो, तिजोरी आकसली की कृपेची भाषा सुरू होते.

घटनेची भाषा निराळी आहे. अनुच्छेद ४१ बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काबद्दल बोलतो. राज्याच्या आर्थिक ताकदीची मर्यादा त्यात आहे, हे खरे. पण किती द्यावयाचे हे त्या मर्यादेत ठरविता येईल. एकदा ठरविलेले कधी द्यावयाचे, याला ती ढाल लावता येणार नाही. अन्नाच्या हक्काबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशात वृद्धांचे राष्ट्रीय निवृत्तिवेतन दरमहा सात तारखेपर्यंत देण्यास राज्यांना बजावले होते. म्हणजे तारखेची मागणी आमच्या पदरची नाही. ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या शतकाच्या आरंभीच मान्य केली आहे. तिचा विसर पडला, एवढेच.

अपंगांच्या बाबतीत तर कायदा आणखी स्पष्ट आहे. एप्रिल २०१७ मध्ये अमलात आलेल्या २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि त्यांत सिकलसेलच्या रुग्णांचाही समावेश केला. इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा अपंगांना निदान २५ टक्के अधिक साहाय्य द्यावे, असे तो सांगतो. जुलै २०२३ पासून इतरांना १,५०० रुपये मिळत असताना अपंगांनाही तेवढेच मिळत होते. या कसोटीने ते निदान १,८७५ हवे होते. ऑक्टोबर २०२५ च्या वाढीने ही उणीव भरून निघाली आणि त्याबद्दल सरकारचे अभिनंदन करावयास हवे. परंतु अपंगांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र खाते स्थापन करणाऱ्या, आणि तसे करणारे पहिले राज्य म्हणून मिरविणाऱ्या महाराष्ट्रास एवढ्या पूर्ततेला आठ वर्षांहून अधिक काळ लागला, हेही नोंदले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत या राज्यात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या होत्या. एवढ्या माणसांच्या हक्काला इतकी वाट पाहावयास लावणे प्रगत म्हणविणाऱ्या राज्यास शोभणारे नाही.

करता येण्याजोगे

यासाठी नवी योजना नको, नवे नाव नको आणि नवा समारंभही नको. पुढील गोष्टी झाल्या तरी पुष्कळ होईल.

पहिली, अनुदान दरमहा सात तारखेस जमा होईल असा बंधनकारक नियम करावा आणि त्यासाठीची तरतूद वर्षाच्या आरंभीच बाजूला काढून ठेवावी. वेतन आणि कर्जावरील व्याज यांसाठी सरकार जशी आधी तजवीज करते तशीच ही असावी. एप्रिल-जूनचा खोळंबा मग उरणार नाही. निधी कोणत्याही लेखाशीर्षातून येवो, लाभार्थ्याला तो एकाच दिवशी मिळावा. खात्यांनी आपापसांतील हिशेब मागाहून करावा.

दुसरी, सात तारीख चुकली तर व्याज आपोआप जमा व्हावे. त्यासाठी लाभार्थ्याला अर्ज करावा लागू नये. व्याजाची रक्कम क्षुल्लक असेल. परंतु ते प्रत्येक महिन्यात खात्याच्या खर्चात दिसेल आणि विधिमंडळात कोणीतरी त्याबद्दल विचारील. ज्या उशिराची किंमत सरकारला मोजावी लागत नाही, तो उशीर सरकार कधी थांबवीत नाही.

तिसरी, कोणाचेही अनुदान बंद करण्यापूर्वी त्याला कारणासह मराठीत लेखी सूचना द्यावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावावी. आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे याची माहिती गावातच मिळावी. टपाल खात्याची पेमेंट्स बँक २०१८ पासून दारापर्यंत पैसे पोचविण्याची सोय देते. अंथरुणावरील लाभार्थ्याच्या हयातीची खातरजमा आणि रकमेचे वाटप ही दोन्ही कामे पोस्टमन एका फेरीत करू शकेल.

चौथी, तालुका समितीची बैठक ठरल्या मुदतीत झाली नाही, तर तहसीलदाराने पात्र अर्ज मंजूर करावेत. समिती नाही म्हणून निराधाराने थांबावे, हे न्यायाला धरून नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने विलंबाबद्दल अधिकाऱ्यास दंड करण्याचे तत्त्व या राज्याने मान्य केलेलेच आहे. बालसंगोपनाच्या प्रत्येक पायरीलाही अशीच मुदत असावी.

आपले काम

सरकारला सांगून झाल्यावर काही आपल्यालाही सांगितले पाहिजे. हा मजकूर वाचणारे बहुतेक जण शिक्षक, कचेऱ्यांतील कर्मचारी आणि विद्यार्थी आहेत. वर्गातील कोणत्या मुलाचे वडील गेल्या वर्षी वारले आणि कोणती मुलगी आजीच्या जिवावर शिकते, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कितीतरी आधी वर्गशिक्षकाला कळते. त्याने एक अर्ज भरून दिला आणि त्याचा पाठपुरावा केला तर ते मूल शाळेत टिकते. लिपिकाच्या हाती तिजोरी नसेल. पण 'वरून आले नाहीत' एवढ्यावर माणसाला परत न पाठवता, कोणत्या कारणाने अडले आणि पुन्हा केव्हा यावे, हे चिठ्ठीवर लिहून देणे त्याच्या हाती आहे. त्या चिठ्ठीने एका अपंगाचा फुकटचा हेलपाटा वाचतो. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्यापेक्षा गावातील लाभार्थ्यांचे आधार व खाते तपासून देण्याचे काम दिले, तर ते अधिक उपयोगी पडेल.

आणि पगारदारांच्या संघटनांनी आपल्या निवेदनांत, आपल्या दहा मागण्यांखाली, अकरावी मागणी घालावी: आमच्या पगाराला जशी तारीख आहे तशी निराधारांच्या अनुदानालाही असावी. त्यांच्याजवळ संघटना नाही, संपाचे हत्यार नाही, आणि मोर्चा काढावयाचा तर पुष्कळांना चालताही येत नाही. तारखेचे मोल ज्यांना दर महिन्याला कळते, त्यांनीच त्यांच्या वतीने बोलले पाहिजे.

येत्या सात तारखेला गोंदिया जिल्ह्यातील किती निराधारांच्या खात्यांत पैसे जमा झाले, याचा आकडा जिल्हाधिकाऱ्यांनी प्रसिद्ध करावा. त्यापुढील प्रत्येक महिन्याच्या सात तारखेला तो पुन्हा प्रसिद्ध व्हावा. सरकारच्या कळवळ्याची मोजदाद त्या एका आकड्यावरून जनतेला करता येईल.